मारुती ८०० चे व्हॉल्व सील बदलले: दिवे घाटापासून दिवे घाटापर्यंत

३ नोव्हेंबर २०२४, रविवार

भाऊबीजेला ताईकडे सासवडला गेलो होतो. संध्याकाळी परतताना दिवे घाट तिसऱ्या गिअरवर, ॲक्सिलरेटर सोडून उतरलो. खाली वडकीपाशी सपाटीला लागल्यावर पाय दाबला तर आरशात मागची बस दिसेनाशी झाली. निळसर धुराचा लोट, दहा-बारा सेकंद, मग सगळं साफ. दाजींना हडपसरला काम होतं म्हणून ते मागून मोटारसायकलवर येत होते. त्यांनी पुढे येऊन हात केला. "पाव्हणं, गाडी तेल जाळतीय. वास नाकात बसलाय."

गाडी २००६ सालची, सहा व्हॉल्वचं एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल सोडणारं) इंजिन, मीटरवर १,१२,००० किलोमीटर. वडिलांनी घेतलेली ही पहिली आणि शेवटची गाडी, त्यामुळे ती नीट चालावी असं मला मनापासून वाटतं. दोन महिन्यांपासून सकाळी सुरू करताना थोडा धूर येतोय हे मी बघत होतो आणि थंडीवर ढकलत होतो. घरी येऊन डिपस्टिक पाहिली. ऑइल बदलून ८०० किलोमीटरसुद्धा झाले नव्हते आणि पातळी वरच्या खुणेवरून खालच्या खुणेला आली होती. या इंजिनात ऑइल मावतं जेमतेम तीन लिटर. त्यातलं लिटरभर गेलं म्हणजे अंगावर काढण्यासारखं दुखणं नाही. शिवाय सायलेन्सरच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे. जळलेल्या ऑइलची राख त्यात बसत गेली तर तो खर्च वेगळाच.

५ नोव्हेंबर, मंगळवार

गॅरेजमध्ये दाखवली. मेकॅनिकने तीनदा रेस केली, मागे जाऊन पाहिलं आणि म्हणाला, "रिंगा गेल्या साहेब. हाफ इंजिन करावं लागेल." म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्या बदलायला इंजिन खोलायचं. २४,००० रुपये, आठ दिवस. स्पार्क प्लग काढला नाही, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजलं नाही.

मला हे पटलं नाही, कारण धूर येण्याची वेळ. भाऊबीजेला जाताना चार माणसं बसवून तोच घाट चढलो होतो, पूर्ण लोडवर. तेव्हा आरशात काही नव्हतं. रिंगा गेल्या असतील तर धूर जोर लावताना येतो, चढाला येतो, आणि येतच राहतो. आमचा धूर दोनच वेळा येतो. एक, रात्रभर गाडी उभी राहिल्यावर सकाळी पहिल्या स्टार्टला. दोन, उतारावरून गिअरमध्ये उतरून पुन्हा पाय दिला की. उतारावर थ्रॉटल (हवेची झडप) बंद असतो आणि इंजिन फिरत असतं, त्यामुळे इनटेकमध्ये (हवा आत येण्याच्या वाटेत) जोराची ओढ तयार होते. व्हॉल्वच्या दांड्यावरचं सील कडक झालं असेल तर हेडमधलं (इंजिनच्या वरच्या भागातलं) ऑइल त्या ओढीने गाईडमधून (दांडा सरकतो त्या नळीतून) खाली सिलिंडरमध्ये येतं. सकाळचा धूर म्हणजे तेच ऑइल रात्रभर ठिबकून साठलेलं.

इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडलं. भकाभका वाफ येत नव्हती, नेहमीचे हलके झटके होते. हेही रिंगांच्या विरुद्ध जाणारं. पण नुसत्या अंदाजावर हेड उतरवायचं नाही असं ठरवलं.

९ आणि १० नोव्हेंबर

मामेभाऊ, म्हणजे दादा, भोसरीत टूलरूममध्ये अनेक वर्षं काम करतो. त्याच्याकडून कॉम्प्रेशन गेज आणलं. शनिवारी सकाळी पार्किंगमध्ये तिन्ही प्लग काढले. दोन नंबरचा प्लग काळा, ओलसर, एका बाजूला राखेची पुटं. फ्युएल पंपाचा फ्यूज काढला, कॉइलचं कनेक्शन काढलं, आणि बायकोला स्टार्टर मारायला सांगितलं. आकडे आले ११८, ११२, १२० पीएसआय. पोटात गोळा आला. मेकॅनिक बरोबर होता, इंजिन संपलं, असं वाटून दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

रात्री दादाला फोन केला. त्याने दोनच प्रश्न विचारले. "ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरला होता का? इंजिन गरम होतं का?" दोन्हीचं उत्तर नाही. थ्रॉटल बंद असेल तर सिलिंडरला हवाच पुरेशी मिळत नाही, मग ती दाबणार कशी?

रविवारी गाडी नवले पुलापर्यंत फिरवून गरम केली, बॅटरी चार्ज केलेली होतीच, आणि पाय पूर्ण दाबून पुन्हा मोजलं. १६८, १६४, १७०. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून मोजलं. १७६, १७२, १७८. ऑइल टाकल्यावर आकडा एकदम चाळीस-पन्नासने उडाला असता तर रिंगांमधून गळती आहे असं मानलं असतं. इथे आठाचाच फरक, तोही तिन्हीत सारखा. रिंगा ठीक आहेत.

ही चाचणी चुकीची करून तिथेच थांबलो असतो तर मी २४,००० देऊन मोकळा झालो असतो. दीड दिवस गेला त्याचं काही वाटत नाही.

रविवार होता म्हणून तिथूनच मंगळवार पेठेत जुन्या बाजारात गेलो. 'सी' आकाराचा व्हॉल्व स्प्रिंग कंप्रेसर ५५० रुपयांना मिळाला. स्क्रूचे आटे शाबूत आहेत का तेवढं तिथेच फिरवून पाहिलं.

१३ नोव्हेंबर, बुधवार

संध्याकाळी नाना पेठ. दुकानदाराने सीलचे दोन प्रकार दाखवले. साध्या काळ्या रबराचा सहाचा सेट १२० रुपये, व्हायटॉनचा (उष्णता सोसणाऱ्या रबराचा) ३४०. जुने सील उष्णतेनेच कडक झालेत, तर पुन्हा साधं रबर कशाला? व्हायटॉनचा घेतला, आणि एकच सेट घेतला. ही चूक २० तारखेला कळली. हेड पॅकिंग, टॅपेट कव्हरचं पॅकिंग, दोन्ही मॅनिफोल्डची (हवा आत आणि धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांची) पॅकिंगं मिळून ७८०. टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व यांची वेळ जुळवणारा पट्टा) ४५०, कारण तो काढायचाच आहे तर जुना परत कशाला चढवा.

हेड न उतरवताही सील बदलता येतात. प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये दोरी भरतात आणि पिस्टन वर आणून ती व्हॉल्वखाली दाबतात, किंवा कंप्रेसरची हवा भरून व्हॉल्व वर धरून ठेवतात. दादाचा कल दोरीकडे होता. मी दोन कारणांनी हेड उतरवायचं ठरवलं. या इंजिनात रॉकरचे (व्हॉल्व दाबणाऱ्या पट्ट्यांचे) दांडे बाजूला ओढून काढावे लागतात, आणि इंजिनच्या खोबणीत वाकून ते करण्यापेक्षा टेबलावर बरं. शिवाय हेड पॅकिंगच्या कडेला कूलंटचा पांढरा डाग आधीपासून दिसत होता.

१६ नोव्हेंबर, शनिवार

सोसायटीच्या चेअरमनना आधी विचारलं, खाली पुठ्ठे आणि जुनी ताडपत्री अंथरली. सकाळी आठला सुरुवात.

फ्युएल पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं, म्हणजे पेट्रोलच्या लाइनीतला दाब गेला. मग बॅटरी, कूलंट, होज, वायरिंग. वायरिंगच्या प्रत्येक जोडणीला चिकटपट्टी लावून आकडा लिहिला आणि मोबाइलवर फोटो काढले. टायमिंगच्या खुणा जुळवल्या आणि वर व्हाइटनरने रेघा मारल्या. व्हाइटनर वापरू नका. का ते पुढे येतं.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे नट गंजलेले होते. गंज सोडवायचं स्प्रे मारून वीस मिनिटं थांबलो आणि लांब पाना लावला. तीन सुटले, चौथ्याचा स्टड (नट बसतो तो आट्यांचा खिळा) हेडच्या अंगालगत तुटला. आदल्या रात्री स्प्रे मारून ठेवला असता आणि सकाळी पुन्हा मारला असता तर बहुधा वाचला असता.

हेडचे बोल्ट बाहेरून आत, थोडे थोडे करत ढिले केले. एकदम एक बोल्ट पूर्ण सोडला तर ॲल्युमिनियमचं हेड वाकतं. दुपारी तीनला हेड टेबलावर होतं. सिलिंडरच्या भिंतींवर होनिंगच्या (सिलिंडर बनवताना घासल्याच्या) तिरक्या रेषा अजून दिसत होत्या. त्या पाहून खूप बरं वाटलं. रिंगांबद्दलची उरलीसुरली शंकाही गेली. इनटेकच्या तिन्ही व्हॉल्वच्या मागे, जिथे दांडा आणि डोकं जुळतं तिथे, काळ्या डांबरासारखा थर होता. एक्झॉस्टचे व्हॉल्व तुलनेने कोरडे. ऑइल इनटेकच्या गाईडमधून येतंय याचा याहून चांगला पुरावा नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

दादा आला. रॉकरचे स्क्रू काढून दोन्ही दांडे ओढले. जो रॉकर जिथला तिथेच परत गेला पाहिजे, म्हणून थर्मोकोलच्या शीटवर भोकं पाडून क्रमाने खोचत गेलो. मग कॅमशाफ्ट (रॉकर हलवणारा दांडा) काढली.

स्प्रिंग दाबण्याआधी प्रत्येक रिटेनरवर (स्प्रिंगच्या टोपीवर) गोटी पाना ठेवून हातोडीने एक हलका ठोका द्यायचा. त्याने अडकलेले लॉक (टोपी दांड्यावर धरणारी दोन अर्धुकं) मोकळे होतात. हे दादाने मला पहिल्या व्हॉल्वनंतर सांगितलं. पहिल्याला मी कंप्रेसर नुसताच आवळत गेलो, लॉक एकदम सुटले आणि एक अर्धुक उडून पार्किंगच्या गटाराच्या जाळीत गेलं. लोहचुंबकाला दोरी बांधून दीड तास शोधलं, मिळालं नाही. पुढच्या पाच व्हॉल्वच्या वेळी आख्खं हेड मोठ्या पारदर्शक पिशवीत घालून आतच काम केलं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तीन नंबरचा एक्झॉस्ट व्हॉल्व स्प्रिंग काढल्यावरही गाईडमधून सरकेना. मी हातोडी उचलली होती. दादाने हात धरला. "थांब. दांड्याचं टोक बघ." रॉकर इतकी वर्षं आपटून टोकाला बारीक ओठ फुटला होता. तसाच ठोकून काढला असता तर त्या ओठाने गाईड आतून ओरबाडली असती आणि नवीन सील लावूनही उपयोग झाला नसता. बारीक ऑइल स्टोनने टोक गोल फिरवत घासलं, चिंधीने पुसलं, आणि व्हॉल्व बोटाने खाली गेला. मग सहाही टोकं तशीच घासली, कारण तोच ओठ नवीन सीलची कडही फाडतो.

जुने सील पकडीने फिरवत ओढले. एक्झॉस्टचे तरी थोडे पकडून होते. इनटेकचे दोन नुसत्या बोटाने उचलले गेले. नखाने दाबले तर प्लॅस्टिकसारखे कडक, एकाची कड चिरलेली.

१८ आणि १९ नोव्हेंबर

भवानी पेठेतल्या लेथवाल्याकडे हेड दिलं. तुटलेला स्टड काढून नवीन बसवायचे ३०० रुपये, धुणं आणि माप घेणं ५००. त्याने आधी सहाही गाईड बदलायचा आग्रह धरला. मी म्हटलं, "आधी मोजू या." व्हॉल्व सीटपासून थोडा वर उचलून दांड्याच्या टोकाला डायल गेज लावलं आणि हलवून पाहिलं. तीन नंबर एक्झॉस्टला जरा जास्त खेळ होता, पण सगळे कंपनीच्या पुस्तकातल्या मर्यादेच्या आत. त्याने गेज दाखवून स्वतःच मान डोलावली. हेडच्या तळावर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचं) ०.०५ मिलिमीटरचं पान कुठेच आत जात नव्हतं, म्हणजे फेसिंगचीही (तळ सपाट करण्याची) गरज नाही. त्याच्याकडूनच लॉकची एक जोडी ६० रुपयांना मिळाली.

मंगळवारी रात्री घरी व्हॉल्व घासले. रबरी चोखणी लावलेल्या दांडीने, आधी जाड मग बारीक पेस्ट. सीटवर सलग राखाडी पट्टी दिसली की थांबायचं. नंतर पोर्टमध्ये (व्हॉल्वच्या मागच्या वाटेत) डिझेल ओतून अर्धा तास ठेवलं. एक नंबर इनटेक पाझरला, तो पुन्हा घासला. मग सगळं डिझेलने आणि साबणाच्या पाण्याने तीनदा धुतलं. त्या पेस्टचा कण गाईडमध्ये राहिला तर तो घासतच राहणार. या धुण्यात कॅमच्या पुलीवरची व्हाइटनरची रेघही निघून गेली. तेव्हा लक्षात आलं नाही.

२० नोव्हेंबर, बुधवार

विधानसभेच्या मतदानाची सुट्टी. सकाळी सातला मत देऊन आलो आणि सील लावायला बसलो.

गाईडला आणि सीलच्या आतून इंजिन ऑइल लावायचं, सील हाताने सरळ बसवायचं, लांब गोटी पान्याने दाबायचं. हातोडी नाही. खाली टेकल्याचं हाताला कळतं. मग व्हॉल्वच्या दांड्याला ऑइल लावून खालून हळूहळू फिरवत वर आणायचा, लॉकच्या खाचा सीलमधून जाताना विशेष जपून. चार सील असे छान बसले. पाचवं घेताना टेबलावर बारक्या सहा चकत्या दिसल्या. स्प्रिंगखाली बसणाऱ्या. त्या सीलच्या आधी टाकायच्या असतात. सील बसल्यावर त्यावरून जात नाहीत.

चारही सील काढावे लागले. एकदा बसवलेलं सील काढताना ताणलं जातं, ते परत वापरत नाहीत. मी दोन सील परत लावून पाहिले आणि त्यातलं एक हाताने फिरतंय हे दिसल्यावर तो विचार सोडला. सुटे सील मिळत नाहीत, सेटच घ्यावा लागतो, आणि मतदानामुळे दुकानं बंद. दिवस गेला. दोन सेट सुरुवातीलाच आणून ठेवा, ३४० रुपयांचा प्रश्न आहे.

२१ तारखेला ऑफिस सुटल्यावर दुसरा सेट आणला. चकत्या, मग सील, मग व्हॉल्व, स्प्रिंग, रिटेनर, लॉक. लॉक खाचेत धरून राहावेत म्हणून त्यांना आतून थोडं ग्रीस लावलं. शेवटी प्रत्येक दांड्याच्या टोकावर गोटी पाना ठेवून हलका ठोका, लॉक नीट बसलेत याची खात्री. दोन तासांत सहाही झाले.

२३ नोव्हेंबर, शनिवार

ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग पॅकिंगच्या जुन्या चिकट अवशेषांपासून साफ करायला दीड तास. बोल्टच्या भोकांतलं कूलंट आणि ऑइल सिरिंजने उपसून काढलं. भोकात द्रव राहिला तर टॉर्क रेंच (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना) खोटा आकडा दाखवतो आणि ब्लॉकला चीर जाऊ शकते. हेड ठेवून बोल्ट मधून बाहेर, तीन टप्प्यांत आवळले.

मग रॉकर, दांडे, आणि उत्साहात लगेच टॅपेट सेटिंग (रॉकर आणि व्हॉल्व यांच्यातली फट लावणं). त्यानंतर बेल्ट. संध्याकाळी इंजिन पहिल्या प्रयत्नात सुरू झालं, पण आयडलला थरथरत होतं आणि रेस उचलेना. अंधार पडला होता, बंद केलं.

२४ नोव्हेंबर, रविवार

कव्हर पुन्हा उघडलं. कॅमची पुली एक दात मागे. टॅपेट आधी सेट केल्यामुळे स्प्रिंगचा जोर कॅमवर होता, टेन्शनर (बेल्ट ताणणारी पुली) आवळताना कॅम त्या जोराने सरकली. व्हाइटनरची खूण पुसलेली, त्यामुळे मी कंपनीच्या खुणेऐवजी अंदाजाने मान्य करून टाकलं होतं.

दुरुस्ती अशी: सहाही टॅपेटचे स्क्रू पूर्ण ढिले केले, म्हणजे कॅम हाताने मोकळी फिरू लागली. पुलीवरची मूळ खूण कंपनीच्या खुणेला लावली, बेल्ट चढवला, पान्याने क्रँक (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा) दोन फेऱ्या फिरवून बेल्टचा ढिलेपणा काढला, मग टेन्शनर आवळला. पुन्हा दोन फेऱ्या फिरवून खुणा पाहिल्या. जुळल्या. टॅपेट त्यानंतर, इंजिन थंड असताना, फीलर गेजने. चार तास गेले.

सुरू केलं तर आयडल शांत. पण मागे धूर, पूर्वीपेक्षा जास्त. दादाला व्हिडिओ पाठवला. त्याचा निरोप आला, "सायलेन्सरमध्ये महिनोनमहिने साठलेलं ऑइल जळतंय. वीस मिनिटं चालव." बारा मिनिटांनी धूर पातळ झाला, वीसला थांबला. दरम्यान तापमानाचा काटा वर चढला म्हणून एकदा बंद करावं लागलं. कूलंटमध्ये हवा अडकली होती. थंड झाल्यावर रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून, होज दाबत दाबत बुडबुडे काढले, अर्धा लिटर आणखी मावलं.

१ डिसेंबर, रविवार

सात दिवस रोज सकाळी बायको स्टार्टर मारते आणि मी मागे पांढरं फडकं धरून उभा राहतो. फडक्यावर ऑइलचा डाग नाही, फक्त पाण्याची वाफ.

आज मुद्दाम सासवडला गेलो. दाजींना मोटारसायकलवर मागे राहायला सांगितलं. माउलींची पालखी चढते तोच घाट तिसऱ्या गिअरवर, पाय पूर्ण सोडून उतरलो, आणि वडकीला पोचल्यावर जोरात दाबला. आरशात दाजी शेवटपर्यंत स्पष्ट दिसत होते. खाली थांबून त्यांनी सायलेन्सरच्या तोंडाशी वाकून वास घेतला. "आता नुसता पेट्रोलचा वास हाय," म्हणाले.

१५ डिसेंबर, रविवार

ऑइल बदलल्यापासून ६४० किलोमीटर. पातळी वरच्या खुणेखाली काडेपेटीच्या काडीच्या जाडीएवढी उतरली आहे. पूर्वी एवढ्या अंतरात डिपस्टिकचा बहुतेक पल्ला रिकामा व्हायचा. प्लग काढून पाहिले, तिन्ही कोरडे आणि फिकट तपकिरी.

एकूण खर्च ५,३०० रुपये. वर लिहिलेल्यांशिवाय ऑइल आणि फिल्टर १,२५०, कूलंट ४८०, पेस्ट आणि डिझेल २५०. यात दुसऱ्या सेटचे ३४० आणि लॉकचे ६० माझ्या चुकांचे. प्रत्यक्ष कामाचे तास साधारण ३२, त्यातले नऊ-दहा चकत्या, हरवलेला लॉक आणि टायमिंग यांत गेले. तीन नंबर एक्झॉस्टच्या गाईडवर लक्ष ठेवायचं आहे, पुढची नोंद १,१५,००० किलोमीटरला.